भ्यायचं की दचकायचं

भुताखेतांचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा आमचा इंटरनेटवर एक गट आहे. त्यात दर आठवड्याला कुणीतरी नवा माणूस येतो आणि विचारतो, "एखादा चांगला भयानक गेम सुचवा ना." पाच मिनिटांत त्याच्यापुढे वीस नावं पडतात. मी नाव देत नाही, आधी एक प्रश्न विचारते: "तुम्हाला भ्यायचं आहे की दचकायचं आहे?" काहीजण विचारात पडतात, काहीजण चिडतात. नागपूरच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं, "मॅडम, सांगायचं तर सांगा, नाहीतर राहू द्या." मी राहू दिलं नाही. सवय वाईट असते. त्यात हा प्रश्न माझा नाहीच. तो गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या घरमालकांचा आहे.

मी त्यांना काका म्हणायचे. खाणीवर मोजणीदार म्हणून तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात, घराला रंग देतात. काकांनी दोन कॉम्प्युटर आणले आणि वसरीवर, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, टेबलं टाकून मांडले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तीस वर्सां जमीन मेजली. आतां जें मेजूंक येना तें पळयतां." मोजता न येणारं म्हणजे भुतं. खरी नव्हेत, सीडीतली.

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले तेव्हा नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन खनिज तपासायच्या प्रयोगशाळेत लागले होते. दिवसभर तांबड्या मातीतलं लोखंड काढायचं आणि संध्याकाळी केसांतली तांबडी माती. खोली दाखवताना काकींनी रीतीप्रमाणे सगळी चौकशी केली. गाव पार्से, वडील नाहीत, आई आहे. "भाव-भयणी?" मी म्हटलं, "एकटीच." ते खोटं होतं. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत मला भाऊ होता. डिचोलीजवळच्या शिरगावच्या जत्रेला मित्राकडे आला, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून बंद पडलेल्या खाणीच्या पाण्यात पोहायला गेले. त्याला पोहता उत्तम येत होतं. पण खाणीच्या कडा शेवाळलेल्या मातीच्या. बाहेर यायला हात कुठे धरायचा, हे पोहणं शिकवणारा कुणी शिकवत नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आईने त्याचा फोटो ट्रंकेत ठेवला आणि ट्रंकेवर कांबळ्यांची चळत. मला डिचोलीत नोकरी लागली म्हटल्यावर ती फक्त "बरें" म्हणाली आणि मासे चिरायला बसली.

तर आयतार. रविवारी सकाळी बाजारातून मासे आणून झाले की काकांच्या वसरीवर माणसं जमत. शेजारचे बँकेतले कॅशियर, बांद्याचा एक ट्रक ड्रायव्हर, कॉलेजातली दोघं-तिघं आणि मग मी. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, ऊन थेट पडद्यावर, रस्त्यावरून खनिजाचे ट्रक धडधडत चाललेले. भयानक गेम अंधारात खेळायचे असतात, असं मी पहिल्या दिवशी शहाणपणाने सुचवलं. काकांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं.

"रातचें कोणूय भियेता, बाय. सकाळीं इकरा वरांचेर भियेवन दाखय."

आणि खरंच, अकरा वाजता, कानात ट्रकांचा आवाज, नाकात तळलेल्या बांगड्यांचा वास असताना जो गेम अंगावर काटा आणी, तोच काकांच्या वहीत चढे. त्या वहीला ते 'भुतांची खानेसुमारी' म्हणत. मोजणीदाराचं अक्षर, सरळ रेघा. गेमचं इंग्रजी नाव त्यात कधीच नसे. काका स्वतः बारसं करत. 'तेरा दारांचें इस्पितळ', 'आंधळी म्हातारी', 'कुत्र्यांचें घर'. पुढे तीन रकाने: भूत कोणाचे? काय मागते? कोणी विचारले का? तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'नाही' असे. या 'नाही'चं काकांना मनापासून वाईट वाटे.

वही मराठीत होती. भाषेवरून गोव्यात डोकी फुटायची पाळी आली होती त्या दिवसांत काका मराठीच्या बाजूने मोर्चात चालले होते. मोर्चात घोषणा मराठीत, आणि उन्हाने चक्कर आल्यावर "उदक दी रे" कोकणीत. मी यावरून त्यांना चिडवलं की शांतपणे म्हणत, "बरोवचें मराठींत, भियेवचें कोंकणींत. तातूंत झगडें कसलें?" लिहायचं मराठीत, भ्यायचं कोकणीत.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे ते बंदूक चालवत नसत. त्या गेममध्ये दर दहा पावलांवर काहीतरी सडकं, फाटकं अंगावर येतं आणि आपल्या हातात पिस्तूल दिलेलं असतं. काका ते खाली ठेवत. "भुताक गोळी घालून कितें मेळटलें? तें पयलींच मेल्लें आसा." मग काय करायचं? तर बंद दारापुढे आपला माणूस उभा करायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. देवळात गावकर घालतो तसं, खड्या आवाजात: "बा म्हाराजा, ह्या घराच्या राखणदारा! परक्या मुलखाचो हो तुझो पाहुणो तुझ्या दारांत इला. पायांत बुटां आसत, ती चूक पोटांत घाल..." बुटांचं त्यांना फार लागायचं. गेममधली माणसं कुणाच्याही घरात चिखलाच्या बुटांनी शिरतात, भूत चिडेल नाहीतर काय करेल! वसरीवर सगळ्यांनी चपला बाहेर काढलेल्या असत, निदान आपल्याकडून तरी आगळीक नको. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचो. त्यात ड्रायव्हरचा आवाज सगळ्यांत मोठा. मग काका अदबीने दार उघडत आणि आतलं भूत त्यांना दोन घासांत संपवी.

"काका, तेका मराठी कळूक नाय," ड्रायव्हर म्हणायचा.

"कळटलें. परत घालूंया."

परदेशी भुतांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ती वाईट नाहीत, उपाशी आहेत. आपल्या गावाची सीमा राखणाऱ्या राखणदाराला वर्षाला एक रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि एक विडी मिळते, कुणीतरी उभं राहून चार शब्द बोलतं. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ती भिंती ओरबाडतात. मी विज्ञानाची पदवीधर, मला हसू यायचं. पण रविवार चुकवायचे मात्र नाही.

काका सीडी देत ते मात्र सरसकट नव्हे. कुणी मागायला आलं की पहिला प्रश्न तो: "भियेवंक जाय काय दचकूंक जाय?" दचकणं म्हणजे मागून कुणी "भो" केलं की होतं ते. उडी मारायची, हसायचं, चहा प्यायचा. भिणं निराळं. ते घरी आपल्याबरोबर येतं आणि जेवताना शेजारी बसतं. ड्रायव्हरला त्यांनी कधी भ्यायला दिलं नाही. "तो दिसभर घाटार ट्रक चलयता. ताका भंय पुरो जालां. ताका दचकय." त्याला 'कुत्र्यांचें घर'. त्यात बारा खिडक्या फोडून बारा कुत्रे येतात आणि ड्रायव्हर बाराही वेळा खुर्चीवरून उठायचा. कॅशियरना त्यांनी तेरा दारांचं इस्पितळ दिलं, प्रत्येक दाराशी एक फॉर्म भरावा लागणारं. कॅशियर म्हणाले, आयुष्यात इतके घाबरले नव्हते.

प्रश्नानंतर कौल. देवळात मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार मानतात, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. काका परसातली पिटकोळीची तांबडी फुलं आणत, पाण्यात बुडवून दोन फुलं मॉनिटरच्या काचेला चिकटवत, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग आम्ही सगळे गप्प बसून पाहायचो. काकींना ही थट्टा खपत नसे. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "देवाची फकांडां करूं नाकात!"

"देवाक खंय विचारतां? यंत्राक विचारतां," काका म्हणायचे.

आता माझी गोष्ट. वहीत एक नाव होतं, 'तळ्याखालचा गाव'. एका बाईचं कुणीतरी तळ्याखाली बुडालेल्या गावात राहिलंय आणि ती त्याला शोधायला होडीतून जाते, एवढंच कॅशियरांकडून कळलं होतं. सगळ्यांनी तो खेळला होता, पण पाण्याखालच्या गावापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मला तो हवा होता. का हवा होता ते मी कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःशी मला पक्कं ठाऊक होतं. पाण्याखाली गेलेली माणसं काय बोलतात, ते कुणी तरी रचून का होईना, लिहिलं होतं. मला ते ऐकायचं होतं.

मी मागितला. काकांनी प्रश्न विचारला. मी म्हटलं, "भ्यायचं." फुलं लावली, डावं पडलं. पुढच्या रविवारी डावं. त्याच्या पुढच्या रविवारी डावं. असं सहा वेळा झालं. दुसरं काहीही मागितलं की उजवं. लोखंडाचं प्रमाण सहा वेळा सारखं आलं तर प्रयोगशाळेत आम्ही आनंदाने सही करत नाही, उपकरण तपासतो. मी उपकरणावर डोळा ठेवला. पडद्याशेजारी एक टेबल फॅन होता. मी तळं मागितलं की काका उकडतंय असं पुटपुटत तो डावीकडे सरकवायचे. डावं फूल आधी सुकायचं आणि गळून पडायचं. ड्रायव्हरला सीडी द्यायची असली की फॅन उजवीकडे. इतका साधा देव होता तो.

एका रविवारी फुलं लावली आणि वीज गेली. पंखा थांबला. आम्ही वाट पाहत बसलो. चांगल्या दहा मिनिटांनी उजवं फूल टपकन कीबोर्डवर पडलं. ड्रायव्हर ओरडला, "पडला! बायचा पडला!" काकांनी फूल उचललं, पाहिलं, खिशात घातलं आणि म्हणाले, "करंट नासतना कौल चलना." सगळे हसले. मी हसले नाही. मला असा राग आला, की त्या आठवड्यात शुक्रवारी रजा काढून म्हापशाच्या बाजारात गेले आणि केळी, मिरच्या, पोर्तुगीज काळातली कुलुपं यांच्या पलीकडे सीड्या मांडून बसलेल्या माणसाकडून तो गेम विकत आणला.

रविवारी मी सीडी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि फुलांच्या वाटीकडे हात नेला.

"कौल नको, काका," मी म्हटलं. "आधी फॅन बंद करा."

कॅशियर आपल्या चपला शोधायला लागले. माझा आवाज चढला होता, आणि घरमालकाशी असं बोलतात का, हे मला माझं मलाच कळत होतं. काकांनी फॅन बंद केला, उठले आणि मला म्हणाले, "यो, बांयर वचूंया."

बांय म्हणजे विहीर, परसातली. ते कठड्याला टेकून उभे राहिले. मी चार पावलं अलीकडे थांबले.

"आठ म्हयने जाले तूं हांगा आसा. एक कळसो उदक काडूंक ना तुवें. नळ गेलो की काकीक उलो मारता. परसांत वता ती वळसो घालून." खरं होतं, नळ गेला की मी काकींनाच हाक मारायचे. काका विहिरीत पाहत बोलत होते, माझ्याकडे नाही. "म्हाका कळ्ळें, उदकाचें कितें तरी आसा. विचारपाक धीर जालो ना. म्हूण फॅन."

मी दोन वर्षांत पहिल्यांदा भावाचं नाव घेतलं. वाक्य पुरं झालं नाही, रडूच आलं, शेंबूड पुसायला रुमालही नव्हता. काका जवळ आले नाहीत. कठड्याशीच उभे राहून म्हणाले, "भंय वांटूं येता, बाय. दुख्ख कशें वांटचें तें म्हाका खबर ना." आणि मग, "खेळटा मगे?"

मी मान डोलावली.

आम्ही परत आलो. कुणी गेलं नव्हतं, चपला सापडूनही. काकांनी आत जाऊन सकाळी पोदेराने, पाववाल्याने, आणलेला एक उंडा आणला, म्हणजे आपला गोल पाव, आणि ड्रायव्हरकडून एक विडी मागून घेतली. दोन्ही मॉनिटरपुढे ठेवली. मी सीडी घातली. खरं सांगायचं तर गेम काही ग्रेट नव्हता. होडी अडखळत चालायची आणि झाडं पुठ्ठ्याची वाटायची. पण तळ्याचा काठ आला, ती बाई पाण्याशी उभी राहिली आणि माझं बोट कळ दाबेना. पाणी काळं होतं. त्यात खिडकीचं ऊन पडलं होतं आणि माझं तोंडही.

काका खुर्चीमागे उभे राहिले. नेहमीचा नाटकी आवाज त्यांनी लावला नाही.

"बा म्हाराजा, उदकाच्या राखणदारा! हो पाव, ही विडी मानून घे. पार्सेचो एक झील तुझ्या उदकांत रावला." आणि त्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तेची भयण आज तुझ्या देगेर येवन उबी आसा. पायांत बुटां नात. तिका तेची विचारपूस करूं दी. तो खंय आसात थंय तेका सुखाचो ठेव, आनी हिका परत वाटेक लाय रे म्हाराजा!"

पहिलं "व्हय म्हाराजा" स्वयंपाकघराच्या दारातून आलं. काकी होत्या, हातात कालथा. मग ड्रायव्हर, मग कॅशियर, मग सगळे.

मी कळ दाबली. बाई पाण्यात उतरली. खाली गाव होता, घरं, पायऱ्या, एक घंटा. पाण्याखालचा माणूस काय बोलला तेही सांगते, कारण इतके रविवार मी त्यासाठी जीव टाकला होता. तो काहीच बोलला नाही. एका दारामागून भसकन अंगावर आला, आणि मी सोडून सगळी वसरी किंचाळली. ड्रायव्हरचा चहा कॅशियरांच्या पांढऱ्या पँटीवर. मला हसू आवरेना. एवढंच? मी याला भीत होते?

काकांनी त्याच वेळी वही काढली. 'तळ्याखालचा गाव'च्या ओळीत तिसऱ्या रकान्यातलं 'नाही' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'बहिणीने'. मोजणीदार खाडाखोड करत नाही. त्या वहीत ती एकच होती.

पुढच्या शनिवारी मी पार्सेला गेले आणि जेवताना आईला सगळं सांगितलं. फॅन, विहीर, पाव, विडी. भावाचं नाव घेतलं तेव्हा तिचा हात ताटात थांबला. मला वाटलं, उठून जाईल. ती म्हणाली, "तेका पोवूंक कोणे शिकयलां, खबर आसा?" मला खबर होती. देवळामागच्या तळीत, कमरेला नारळ बांधून, आईनेच. "हांवें शिकयलां," ती म्हणाली. दोन वर्षं ती या एका वाक्यावर कांबळी रचत होती आणि मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावली आहे. आम्ही दोघी भात गार होईपर्यंत बसून राहिलो. मग तिने एकदम विचारलं, "तो मनीस आसा तरी कसो?"

तसलं कुतूहल आमच्यात आईकडूनच आलंय. त्याच्या दुसऱ्याच रविवारी ती पहिल्या बसने डिचोलीत हजर. डोक्यात अबोली माळलेली, पिशवीत काकींसाठी सोलं आणि काजू. वसरीवर तिने चपला काढल्या, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि पडद्यापुढच्या खुर्चीत जाऊन ताठ बसली. काका बावचळले. तिच्या वयाचं गिऱ्हाईक त्यांना कधी मिळालं नव्हतं, आणि ती कोण हे त्यांना न सांगता कळलं होतं. काय बोलावं सुचेना, तेव्हा तोंडात बसलेलंच बाहेर पडलं.

"भियेवंक जाय... काय दचकूंक जाय?"

आणि मग आपण हे कुणाला विचारलं ते लक्षात येऊन त्यांचा चेहरा पडला. आईने मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला, थोडा विचार केला, पदर सारखा केला.

"भियेवन जालां," ती म्हणाली. "आतां दचकय."

काकांनी फुलांकडे पाहिलंसुद्धा नाही. कौल न लावता दिलेली ती एकच सीडी. ड्रायव्हरने अदबीने आपली 'कुत्र्यांचें घर' काढून दिली. पहिला कुत्रा खिडकी फोडून आला तेव्हा आई "आवयss!" करून अशी ओरडली, की रस्त्यावरच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. मग ती हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली, आणि हसता हसताच काकांना म्हणाली, "आनीक कितले आसत?"

"इकरा," काका म्हणाले.

"येवं दी," आई म्हणाली.